सतरा वर्षं थांबवणारा अल्बम: जुने रॉक बँड नवीन गाणी काढायला एवढा उशीर का करतात?

बारामती एमआयडीसीतली शिफ्ट सुटलेली असो नाहीतर इंदापूरहून पुण्याकडे निघालेली एसटी, कानात इअरफोन घातलेली चार-पाच पोरं दिसतातच. त्यातल्या बहुतेकांच्या कानात काय वाजतंय याचा आपल्याला साधारण अंदाज असतो. पण त्यात एखादा असा निघतो, जो मेटालिका ऐकत असतो, टूल ऐकत असतो, गन्स अँड रोझेस ऐकत असतो. त्याला एकच प्रश्न विचारा, "तुझ्या बँडचा पुढचा अल्बम कधी?" गडी एकदम गप्प होतो. मग म्हणतो, "येणारे म्हणतात. मागच्या सहा वर्षांपासून येणारच आहे."

हे दुखणं फक्त त्याचं नाही. जगभरातल्या रॉक ऐकणाऱ्यांचं आहे. बँडने ड्रमरच्या वाढदिवसाचा फोटो टाकला, तरी खाली लोक एकच गोष्ट विचारतात, अल्बम कधी?

आपल्याकडे आडसाली ऊसही सोळा-अठरा महिन्यांत तोडणीला येतो. मग दहा गाण्यांच्या एका अल्बमला दहा, बारा, सतरा वर्षं का लागतात? कलाकार आळशी असतात का? पैसे भरपूर झालेत म्हणून काम नको वाटतं का? की यामागे आणखी काही असतं?

तेच बघूया. आणि सुरुवात अमेरिकेतून नको, आपल्या मुंबईतून करूया.

मुंबईचा बँड आणि १७ वर्षांची वाट

गोष्ट सुरू होते १९८४ साली. मुंबईत काही पोरांनी 'रॉक मशीन' नावाचा बँड काढला. गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेसवर मार्क सेल्विन. पुढे गायक म्हणून उदय बेनेगल आला आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया.

त्या काळी भारतात रॉक बँड म्हणजे परदेशी गाणी जशीच्या तशी वाजवणारी मंडळी असं समीकरण होतं. पब्लिक कॉलेजच्या फेस्टिव्हलला यायचं ते डीप पर्पल आणि लेड झेपलिनची गाणी ऐकायला. मध्येच कुणी स्वतःचं गाणं सुरू केलं की शिट्ट्या पडायच्या, त्याही कौतुकाच्या नव्हे. अशा वातावरणात रॉक मशीनने स्वतः लिहिलेल्या गाण्यांचा अल्बम काढला. 'रॉक अँड रोल रेनेगेड', साल १९८८. दोन वर्षांनी 'द सेकंड कमिंग' आला. धोबी तलावच्या रंगभवनात होणाऱ्या 'इंडिपेंडन्स रॉक'सारख्या कार्यक्रमांना हजारो पोरं जमायची, तो हा काळ.

१९९३ मध्ये बँडने नाव बदललं आणि 'इंडस क्रीड' झाला. इंडस म्हणजे सिंधू. त्याच वर्षी त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीच्या व्हिडिओ म्युझिक अवॉर्ड्समध्ये आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. आज रील व्हायरल होणं वेगळं आणि तेव्हा, केबल टीव्ही नुकता घरात आलेला असताना, मुंबईच्या बँडने एमटीव्हीचा पुरस्कार आणणं वेगळं.

१९९५ मध्ये बँडच्याच नावाचा 'इंडस क्रीड' हा अल्बम आला. आता पुढचा कधी, असं लोक विचारायला लागले. आणि १९९७ मध्ये बँडच बंद झाला.

कारण काय? म्युझिक चॅनेल तोपर्यंत हिंदी पॉप आणि फिल्मी गाण्यांकडे वळली होती. इंग्रजी रॉकला टीव्हीवर जागा उरली नाही, आणि टीव्हीवर जागा नाही म्हणजे स्पॉन्सर नाही. उदय आणि जयेश न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांनी 'आम्स फॉर शांती' नावाचा वेगळा बँड सुरू केला. बाकीचे आपापल्या कामाला लागले.

ज्याच्याकडे १९९५ ची कॅसेट होती, त्याने ती जपून ठेवली. कॅसेटची सीडी झाली, सीडीची एमपीथ्री झाली, एमपीथ्रीचं यूट्यूब झालं. बँड काही आला नाही.

मग २०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा उभा राहिला. उदय, महेश आणि झुबिन हे जुने, बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे नव्या पिढीतले. २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम आला. त्याचं मिक्सिंग टिम पामरने केलं, ज्याने यू-टू आणि पर्ल जॅमसारख्या बँडसोबत काम केलेलं आहे.

१९९५ ते २०१२. सतरा वर्षं. १९९५ मध्ये दहावीत असलेला पोरगा 'इव्हॉल्व्ह' आला तेव्हा बत्तीस-तेहतिशीचा झालेला होता.

पेंटाग्रामचं काय झालं?

मुंबईचाच दुसरा बँड घ्या. पेंटाग्राम, सुरुवात १९९४. गायक विशाल ददलानी, गिटारवर रँडॉल्फ कोरेया, बेसवर पापल माने, ड्रमवर शिराझ भट्टाचार्य. यांच्या अल्बमची सालं बघा: १९९६, २००२, २००७ आणि २०११. म्हणजे आधी सहा वर्षांचं अंतर, मग पाच, मग चार. शेवटच्या अल्बमचं नाव होतं 'ब्लडीवुड'. (दिल्लीचा 'ब्लडीवुड' हा मेटल बँड वेगळा, गल्लत करू नका.)

अंतर कमी कमी होत चाललं होतं, त्यामुळे पुढचा अल्बम तीन वर्षांत येईल असा हिशोब चाहत्यांनी मांडला असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. पण अल्बम हिशोबाने येत नाही. विशाल ददलानी म्हणजे विशाल-शेखर या जोडीतला विशाल. 'ओम शांती ओम'सारख्या मोठ्या हिंदी सिनेमांचं संगीत त्याच्याकडे होतं. रँडॉल्फ 'शाईर अँड फंक' या दुसऱ्या जोडीत गुंतला.

इथे आपल्याला पहिलं उत्तर सापडतं. भारतात इंग्रजी रॉकवर घर चालवणं अवघड. त्यामुळे बँड हे बहुतेकांचं मन लावून केलेलं काम असतं, पण पोटाचं काम दुसरंच असतं. चार-पाच जणांच्या तारखा एकत्र जुळणं, हाच अर्धा अल्बम असतो. दिल्लीचा 'परिक्रमा' तर १९९१ पासून वाजवतोय, पण त्यांनी अल्बमच्या भानगडीत पडण्यापेक्षा कार्यक्रम करण्यावर आणि गाणी फुकट देण्यावर भर दिला.

अल्बम बनतो तरी कसा?

उशीर कुठे होतो हे समजायचं तर आधी काम कसं चालतं ते कळायला हवं.

पहिला टप्पा गाणी लिहिण्याचा. रॉकमध्ये बऱ्याचदा गाण्याची सुरुवात एका रिफने होते. रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, जो ऐकला की गाणं ओळखू येतं. असे शंभर तुकडे जमले तर त्यातून दहा गाणी उभी राहतात.

दुसरा टप्पा डेमोचा. म्हणजे गाण्याचं कच्चं रेकॉर्डिंग. यातली निम्मी गाणी इथेच गळतात.

तिसरा टप्पा खऱ्या रेकॉर्डिंगचा. एकट्या ड्रमसाठी आठ-दहा माइक लागतात. ड्रम, बेस, गिटार, आवाज हे सगळं वेगवेगळं रेकॉर्ड होतं आणि एकाच ओळीचे वीस-वीस टेक होतात.

चौथा टप्पा मिक्सिंग. वेगवेगळे रेकॉर्ड केलेले हे सगळे आवाज एकत्र बसवायचे. गिटार कुठे पुढे आणायची, आवाज कुठे मागे ठेवायचा, हे ठरवायचं. यावरून बँडमध्ये भांडणं होतात, कारण प्रत्येकाला आपलंच वाद्य कमी ऐकू येतं.

पाचवा टप्पा मास्टरिंग. सगळी गाणी एकाच अल्बमची वाटावीत आणि मोबाईलपासून मोठ्या स्पीकरपर्यंत नीट वाजावीत, म्हणून शेवटचा हात फिरवायचा.

त्यानंतर कव्हर, कंपनीचे करार, तारीख, जाहिरात. विनाइल म्हणजे जुन्या पद्धतीच्या तबकड्या काढायच्या असतील तर कारखान्यात नंबर लावायचा. इथेही गंमत आहे. तबकडीचा साचा करायला लॅकरचा लेप दिलेली प्लेट लागते. ती बनवणारे जगात दोनच मोठे कारखाने होते, एक अमेरिकेत आणि एक जपानमध्ये. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेतला जळाला. त्यात कोरोना आला. पुढची काही वर्षं तयार झालेले अल्बमसुद्धा तबकडीसाठी महिनोन्महिने अडकून पडले.

अडतं कुठे? चार खरे किस्से

पहिला किस्सा: समाधान न होणारा माणूस. गन्स अँड रोझेसचे स्वतःच्या गाण्यांचे दोन अल्बम १९९१ मध्ये एकाच दिवशी आले. १९९३ मध्ये दुसऱ्यांच्या गाण्यांचा एक अल्बम आला. त्यानंतर 'चायनीज डेमोक्रसी' येणार म्हणून सांगितलं गेलं. गिटारवाला स्लॅश सोडून गेला, बाकीचेही गेले, उरला गायक ॲक्सल रोझ. नवीन माणसं आली आणि गेली, स्टुडिओ बदलले, गाणी पुन्हा पुन्हा रेकॉर्ड झाली. २००५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की खर्च १ कोटी ३० लाख डॉलरपर्यंत गेलाय. २००८ मध्ये तर डॉक्टर पेपर या कोल्ड्रिंक कंपनीने जाहीर केलं की हा अल्बम यंदा आला तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला एक कॅन फुकट. त्यांना वाटलं असेल, कशाला येतोय! नोव्हेंबर २००८ मध्ये अल्बम आला. कॅनसाठी एवढी गर्दी झाली की कंपनीची वेबसाइट कोलमडली. स्वतःच्या गाण्यांचा हिशोब धरला तर इथेही वाट बरोबर सतरा वर्षांची. आपल्या इंडस क्रीडइतकीच.

दुसरा किस्सा: कोर्टकचेरी. टूल या बँडचा '१०,००० डेज' २००६ मध्ये आला आणि पुढचा 'फिअर इनॉक्युलम' ऑगस्ट २०१९ मध्ये. मधली तेरा वर्षं चाहत्यांनी बँडला शिव्याही घातल्या आणि देवही मानलं. या काळात एका विमा कंपनीबरोबरचा खटला २०१५ पर्यंत चालू होता. त्यात वेळ, पैसा आणि मुख्य म्हणजे डोकं गेलं. शिवाय गायक मेनार्ड कीनन ॲरिझोनात द्राक्षबाग आणि वाइनरी चालवतो. अमेरिकेतल्या पोरांना हे कारण म्हणजे बहाणा वाटला. पण इंदापूरच्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराला विचारा. एप्रिलची छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, मधल्या फवारण्या आणि वर अवकाळीची धास्ती. बाग माणसाला किती मोकळं सोडते, ते तो सांगेल.

तिसरा किस्सा: हरवलेला मोबाईल. मेटालिकाचा गिटारवाला कर्क हॅमेट रिफ सुचला की मोबाईलवर रेकॉर्ड करायचा. २०१४ मध्ये त्याचा मोबाईल हरवला. त्यात साधारण अडीचशे रिफ होते आणि बॅकअप नव्हता. २००८ नंतरचा मेटालिकाचा पुढचा अल्बम २०१६ मध्ये आला, तेव्हा त्यातल्या एकाही गाण्याच्या लेखनात हॅमेटचं नाव नव्हतं. उशिराचं हे एकमेव कारण नाही, पण धडा मात्र आपल्यासाठीही आहे. आज रात्री बॅकअप घेऊन टाका.

चौथा किस्सा: पैसा. हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं कारण. पूर्वी कॅसेट आणि सीडी विकून पैसे यायचे, आणि दौरा निघायचा तो अल्बम खपावा म्हणून. आता उलटं झालंय. पैसा दौऱ्यात आहे. स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद वाजलं तर एक स्ट्रीम मोजली जाते आणि तिचे मिळणारे पैसे अगदी चिल्लर असतात. याउलट स्टेडियमचं एक तिकीट हजारोंचं.

गन्स अँड रोझेस मे २०२५ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले. लोक ऐकायला आले होते ते १९८७ आणि १९९१ ची गाणी. ओएसिसने २००८ नंतर नवा अल्बम काढलेला नाही, २००९ मध्ये तर बँड मोडला. तरी २०२५ मध्ये ते पुन्हा एकत्र आले आणि नवीन अल्बम नसतानाही स्टेडियम भरली.

आता स्वतःला बँडच्या जागी ठेवून बघा. जुनी गाणी वाजवली की पन्नास हजार लोक सोबत गातात. नवीन गाणं सुरू केलं की निम्मे लोक पाणी प्यायला जातात. अशा वेळी दोन वर्षं घालवून, भांडणं करून, नवीन अल्बम कोण काढेल? म्हणजे वाट बघायला लावण्यात थोडा हात आपलाही आहे. आपण मागतो नवीन आणि पैसे देतो जुन्याला.

मग अल्बम येतात ते कशामुळे?

रोलिंग स्टोन्सचं उदाहरण बघा. हा बँड एप्रिल २००३ मध्ये मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेला होता. २००५ मध्ये त्यांचा 'अ बिगर बँग' आला. त्यानंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम आला तो थेट ऑक्टोबर २०२३ मध्ये, 'हॅकनी डायमंड्स'. मध्ये २०१६ साली जुन्या ब्लूज गाण्यांचा एक अल्बम झाला, पण तो दुसऱ्यांच्या गाण्यांचा.

मधल्या काळात २०२१ मध्ये ड्रमर चार्ली वॉट्स गेला. पन्नासहून जास्त वर्षांची साथ तुटली. आधी रेकॉर्ड करून ठेवलेले त्याचे ड्रम दोन गाण्यांत वापरले गेले. आपण आता किती दिवस ढकलायचं, हा प्रश्न बाकीच्यांसमोर उभा राहिला असणार. गायक मिक जॅगरने एक साधा उपाय केला. त्याने तारीख ठरवली. १४ फेब्रुवारीपर्यंत काम संपवायचं, असं कीथ रिचर्ड्सला सांगितलं. नवा निर्माता अँड्र्यू वॉट आणला, जो रेंगाळू देणारा नव्हता. अल्बम आला तेव्हा जॅगर ८० वर्षांचा होता.

इंडस क्रीडचंही थोडंफार असंच झालं. ताज्या दमाचे दोन वादक आले, काम पुढे सरकलं. उशीर झालेले बहुतेक अल्बम प्रतिभा अचानक परत आली म्हणून पूर्ण होत नाहीत. कुणीतरी तारीख ठरवतं आणि कुणीतरी नवीन माणूस खोलीत येतो, म्हणून पूर्ण होतात.

बातमी खरी की अफवा? असं ओळखा

वाट बघणारा माणूस लवकर फसतो. एप्रिल २०२३ मध्ये एका ब्रिटिश बँडने स्वतः गाणी लिहिली, त्यांवर एआयने बनवलेला ओएसिसच्या लियम गॅलाघरचा आवाज चढवला आणि जणू काही ओएसिसचा हरवलेला अल्बमच सापडला अशी गाणी इंटरनेटवर टाकली. त्यांनी ते लपवलं नव्हतं. पण प्रत्येकजण इतका प्रामाणिक नसतो. त्यामुळे एवढं लक्षात ठेवा.

"नवीन गाणी लिहितोय" असं बँडने सांगितलं, तर त्याला नांगरट समजा. पीक अजून लांब आहे.

"स्टुडिओत आहोत" म्हणजे लागण झाली. पण मध्ये पाऊस, रोग, भाव काहीही होऊ शकतं.

"मिक्सिंग चालू आहे" म्हणजे तोडणीची टोळी शेतात आली.

"मास्टर झाला" म्हणजे उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर उभी राहिली. आता बहुतेक काही महिन्यांचाच प्रश्न.

आणि खरी घोषणा तीच, ज्यात अल्बमचं नाव, तारीख, कव्हर आणि गाण्यांची यादी या चारही गोष्टी बँडच्या अधिकृत अकाउंटवर येतात. सोबत बहुतेक वेळा पहिलं गाणंही येतं. "सूत्रांच्या माहितीनुसार", "लवकरच मोठी घोषणा" किंवा "लीक झालेला अल्बम इथे डाउनलोड करा" असं काही दिसलं तर पुढे जा. डाउनलोडच्या लिंकमधून गाणी कमी आणि व्हायरस जास्त येतात. २००८ मध्ये 'चायनीज डेमोक्रसी'ची नऊ गाणी आधीच इंटरनेटवर टाकणाऱ्या माणसाला अमेरिकेत अटकही झाली होती.

तर मग थांबायचं का?

थांबायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. 'चायनीज डेमोक्रसी' ऐकून अनेकांना वाटलं, यासाठी एवढी वर्षं? 'फिअर इनॉक्युलम' मात्र अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट पहिल्या नंबरवर गेला, तेही शीर्षकगीत दहा मिनिटांहून मोठं असताना. म्हणजे जास्त वाट पाहिली की फळ गोडच मिळेल याची हमी नाही आणि उशीर झाला म्हणून माल खराब असेल असंही नाही.

पण एक फरक लक्षात घ्या. मेटालिका किंवा स्टोन्सला तुमच्या एका तिकिटाने फरक पडत नाही. आपल्याकडच्या बँडला पडतो. मुंबई-पुण्यात आजही स्वतःची गाणी लिहिणारे रॉक बँड आहेत, मराठीत लिहिणारेही आहेत. त्यांच्या कार्यक्रमाला दोनशे लोक आले की चारशे, यावर पुढचं रेकॉर्डिंग होणार की नाही हे ठरतं. इंडस क्रीड १९९७ मध्ये थांबला तेव्हा गाणी संपली नव्हती. ती वाजवायची जागा संपली होती.

तेव्हा पुढच्या वेळी आवडत्या बँडला "अल्बम कधी?" असं विचारायच्या आधी एक काम करा. त्यांचा आधीचा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग ऐका, मधे काहीही न उडवता. बारामती ते पुणे एसटीचा प्रवास त्याला पुरून उरतो. आणि पुण्यात पोचलात, त्या दिवशी कुठे एखादा बँड स्वतःची गाणी वाजवत असेल, तर तिकीट काढून आत जा. नवीन गाणं सुरू झालं की पाणी प्यायला बाहेर जाऊ नका, एवढंच.